नवसाची कॅसेट

ऑगस्टपासून आजी आणि निल्दोमामा एकमेकांशी फक्त माझ्यामार्फत बोलत होते. एकाच घरात राहून, एकाच टेबलावर बसून.

"जामीले, तुझ्या मामाला सांग, फारीन्या इकडे दे म्हणावं."

मामाला ते ऐकू यायचंच. तो फारीन्याचा डबा माझ्यापुढे सरकवायचा, मी तो आजीपुढे सरकवायचे, आजी तो भाजका रवा भातावर भुरभुरवायची. मग मामा ताटात बघत म्हणायचा, "जामीले, तुझ्या आजीला विचार, रक्तदाबाची गोळी घेतली का." आजी माझ्या कपाळाकडे बघून सांगायची, "घेतली." यंदा शाळेच्या वादविवाद स्पर्धेत मी पहिली आले तेव्हा बाईंनी माझ्या स्पष्ट उच्चारांचं फार कौतुक केलं. उच्चार कुठल्या टेबलावर घासले गेले ते बाईंना काय माहीत!

भांडण मात्र अगदी साधं होतं. जानेवारीत मामा इस्पितळात नळ्या लावून पडला होता. फुप्फुसं पाण्यानं भरलेली. डॉक्टर माझ्या आईशी बोलताना जमिनीकडे बघायला लागले होते. तेव्हा आजीनं नाझारेच्या आईला, आमच्या गावच्या देवीला, नवस बोलला की, माझा मुलगा घरी चालत आला तर ऑक्टोबरातल्या सिरियोच्या मिरवणुकीत त्याची बों सोसेगोची कॅसेट तुझ्या नवसगाडीत टाकीन. मुलगा घरी चालत आला. नवसाचं त्याला कळलं ते मात्र ऑगस्टमध्ये.

"माझी कॅसेट?" तो म्हणाला होता. "माझी? तुझं स्वतःचं काही नव्हतं का देवीला द्यायला?"

"दे," आजी म्हणाली.

"नाही."

त्यापुढचं सगळं संभाषण माझ्या खात्यावर.

ज्यांना ही कॅसेट म्हणजे काय ते आठवत नसेल त्यांच्यासाठी सांगते, कारण आमच्या घरातली निम्मी भांडणं तिच्याभोवती फिरत आली आहेत. बेने आजोबांचं 'कोमेता' हे दुकान व्हिडिओ गेमच्या कॅसेटी भाड्यानं द्यायचं. शुक्रवारी नेल्या की सोमवारी परत. त्यातल्या एका फुटबॉलच्या खेळावर आजोबांचा भारी जीव. खेळ परदेशी, आमच्याकडे आलेली त्याची चोरटी नक्कल पॅराग्वेमार्गे. आजोबांनी बाजारातल्या एका रेडिओवाल्याला धरून त्या नकलेची चिप बदलून घेतली आणि परदेशी खेळाडूंच्या जागी आमच्या बों सोसेगो गल्लीतली पोरं भरली. दहा नंबर निल्दो. उजव्या बाजूला वाल्सिर, तो आता मासे विकतो. आणि गोलमध्ये स्वतः बेने. लेबल आजोबांनीच निळ्या पेनानं लिहिलं. जगात अशी ही एकच. आजोबा माझ्या जन्माआधी गेले, दुकानात आता मोबाइलची कव्हरं विकतात, पण सगळ्या कॅसेटी मामाच्या खोलीतल्या कपाटात आहेत.

ते कपाट बघण्यासारखं आहे. आमच्या बेलेम शहरात भिंतीलासुद्धा घाम फुटतो, चामड्याच्या चपलेवर आठवड्यात बुरशी येते. म्हणून मामानं कपाटात एक बल्ब लावलाय, तो दिवसरात्र जळतो. बुटांच्या खोक्यांतल्या दमट हवा शोषणाऱ्या पुड्या तो सगळ्या नातेवाइकांकडून गोळा करतो. मामा लिफ्ट दुरुस्त करतो, दिवसभर ग्रीसमध्ये हात असतात. पण कॅसेटीला हात लावायच्या आधी तो डॉक्टरसारखे कोपरापर्यंत धुतो. आणि फुंकायचं नाही! कॅसेट चालली नाही की तोंडाजवळ धरून फू करायचं, असं आईच्या पिढीत सगळ्यांनी केलंय. मामा म्हणतो, ते फुंकणं म्हणजे थुंकणंच. तोंडातली ओल आत बसते आणि वर्षभरात तांब्याला हिरवा गंज चढतो. कानकाडी, स्पिरिट, एकाच दिशेनं हलका हात. हे मला तो शिकवतो, कारण त्याला मूलबाळ नाही आणि माझे हात थरथरत नाहीत.

तर सिरियोचा रविवार उजाडला. मामा आणि मी पहाटेपासून गल्लीच्या तोंडाशी मिरवणुकीतल्या लोकांना पाणी वाटत होतो. देवीच्या रथाचा दोर ओढणारे लोक येत होते, अनवाणी, एकमेकांना चिकटलेले. हातात पेला दिला तर पाणी डोक्यावर ओतून घ्यायचे. आजी आणि लिंदाल्वा मावशी आम्ही बाहेर पडल्यावर मिरवणुकीला गेल्या होत्या. मावशी आईची थोरली बहीण, माकापाहून बोटीनं आली होती. घरात आई एकटी, मानिसोबाच्या पातेल्यापाशी. कसाव्याचा पाला आठवडाभर शिजला नाही तर विष, शिजला तर सणाचं जेवण, त्यामुळे पातेलं सोडून कुणी हलत नाही. थोडक्यात, कपाटापाशी कुणीच नव्हतं. आणि घरातल्या प्रत्येक कुलपाची दुसरी किल्ली आजीच्या कमरेला असते.

दुपारी त्या दोघी परतल्या तेव्हा आजीचे पाय भाकरीसारखे फुगले होते आणि चेहरा एकदम मोकळा होता. ती टेबलाच्या टोकाला बसली. आईनं तुकुपीतलं, कसाव्याच्या आंबट रसातलं, बदक वाढलं. आजीनं तोंड उघडलं.

"जामीले, तुझ्या मामाला सांग..."

आणि थांबली. मग तिनं मान वळवली आणि थेट त्याच्याकडे बघितलं.

"निल्दो. दिली मी."

चमचे जागच्या जागी राहिले. आईनं बदकाचं भांडं खालीच ठेवलं नाही, तसंच धरून उभी राहिली. मावशीनं छातीवर क्रॉस केला. सगळे मामाकडे बघत होते, मीसुद्धा.

मामानं फारीन्याचा डबा उचलला आणि स्वतःच्या हातानं आजीपुढे ठेवला.

"बरं," तो म्हणाला.

बस्स, बरं! आजीचे डोळे भरून आले. तिनं बदकाची सगळ्यात चांगली तंगडी त्याच्या ताटात टाकली आणि बोलत सुटली. गर्दी किती होती, ऊन कसं होतं, चुंबळीवर ताटली आणि ताटलीत कॅसेट ठेवून ती कशी चालली, बाजूच्या बाईच्या डोक्यावर विटांचं छोटं घर होतं आणि ती बाई विचारत होती की, तुमचं हे काय हो, सिगारेटचं पाकीट? सगळं थेट मामाशी. माझी नोकरी गेली होती.

आणि मी मात्र ताटातलं बदक नुसतं चिवडत होते. कारण गुरुवारी आम्ही दोघांनी ती कॅसेट उघडली होती. आतली बॅटरी संपत आली होती, सांध्यांवर गंज दिसत होता. मामानं आतली चिपची हिरवी पट्टी काढून टेबलाच्या खणात, पुड्यांमध्ये ठेवली. आणि डबा उघडा राहिला तर झुरळं अंडी घालतात म्हणून मी स्वतः स्क्रू पिळून तो रिकामाच बंद केला, पुन्हा कपाटात ठेवला.

आजीनं नाझारेच्या आईला आजोबांच्या अक्षरातलं लेबल चिकटवलेलं प्लॅस्टिक दिलं होतं.

*

माझ्या आईला, सोकोरोला, फसवणं अशक्य आहे. ती शाळेच्या कचेरीत काम करते, खोट्या आजारपणाच्या चिठ्ठ्या तिला वासानं कळतात. ऑगस्टपासून ती "दे बाबा, देऊन टाक, घरात शांतता हवी" या बाजूची होती. तिनं मला नंतर सांगितलं की, मामा ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो लहानपणी एक कॅसेट हरवली तर दोन दिवस जेवायचा नाही, आणि ही गेली तर म्हणतो 'बरं'? तिनं त्याला ताटल्या उचलायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात नेलं. मी मागोमाग गेलेच.

"दादा, खरं सांग."

"काय खरं?"

"तुझ्या तोंडावर ते हसू आहे. बाबांचे सुट्टे पैसे उचलायचास तेव्हाचं."

मामानं माझ्याकडे बघितलं. मी पातेल्याकडे बघितलं. आईनं आम्हा दोघांकडे बघितलं.

"रिकामी होती," मामा हळूच म्हणाला. "आतलं माझ्या खणात आहे."

आईनं तोंडावर हात ठेवला. मला वाटलं रागावली. तिचे खांदे हलत होते. ती हसत होती!

"अगं आई गं... आणि ती सकाळभर चुंबळीवर..."

"हसू नको. मी काही केलेलं नाही. तिनं माझ्या कपाटातून चोरली, मी काय करू?"

"काही करू नकोस." आईनं डोळे पुसले, आणि क्षणात कचेरीतली बाई झाली. "नीट ऐक. ती आज किती दिवसांनी पोटभर जेवली बघितलंस? तिचा नवस फिटला, तुझी वस्तू घरात. दोघंही जिंकलात. आता हे आपल्या तिघांत राहील."

"चौघांत," दारातून आवाज आला.

लिंदाल्वा मावशी हातात रिकामी तुकुपीची वाटी घेऊन उभी होती. मावशी माकापाच्या चर्चमध्ये फुलांची व्यवस्था बघते. ऑगस्टपासून रोज फोनवर "नवस म्हणजे नवस" म्हणत होती.

"देवीला रिकामा डबा दिला तुम्ही?"

"मी नाही दिला, ताई! आईनं दिला!"

"आणि तू गप्प बसलास. बदक खाल्लंस वर."

"ताई, हळू बोल," आई म्हणाली.

"का हळू? तिला सांगायला हवं. नवस अर्धवट राहिला की काय होतं माहीत आहे ना? त्या सांदोवालच्या बायकोनं केस द्यायचे कबूल केले आणि विग दिला..."

"मग?"

"मग घर गळायला लागलं."

"सांदोवालचं घर आधीपासून गळत होतं," मामा म्हणाला.

"तू गप. तू नुकता मरता मरता वाचलायस, तुला तर बोलायचा अधिकारच नाही."

मामा देवाबिवाला मानत नाही, असं तो इस्पितळातून आल्यावरसुद्धा म्हणतो. पण मी बघितलं, त्यानं ओट्याची कड धरली होती. माझ्या आईच्या मते आजीला सांगू नये, मावशीच्या मते सांगायलाच हवं. आणि मी गुरुवारच्या त्या चार स्क्रूंचा विचार करत होते. बाहेरून आजीची हाक आली, "गोड आणा रे कुणीतरी!"

*

कुपुआसू फळाची खीर घेऊन आम्ही बसलो तेव्हा आजीनं पाय मिठाच्या पाण्याच्या घमेल्यात बुडवले होते. घमेलं टेबलाखालीच. ती म्हणाली, "निल्दो, तू वाळलायस, घे अजून." मामानं घाईनं राहिलेला फारीन्या तोंडात टाकला. आणि तो घशात गेला.

नुसता खोकला होता. फारीन्याचा कण श्वासनळीत गेला की कुणालाही येतो, घरात रोज कुणाला ना कुणाला येतोच. पण हा खोकला मामाचा होता. जानेवारीपासून या घरात मामा खोकला की सगळे थिजतात. तो लाल झाला, वाकला, आईनं पाठ थोपटली. मावशी माझ्या आईकडे "बघ, सांगितलं होतं ना" अशा डोळ्यांनी बघत होती.

आजी उठली. घमेलं उलटलं, फरशीवर पाणी पसरलं. ती आमच्यापैकी कुणाकडे बघत नव्हती, वर छताकडे बघत होती.

"दिली ना मी? दिली ना गं बाई? माझं काय राहिलं? सांग, काय राहिलं?"

मामाचा खोकला थांबला होता, पण आजी थांबत नव्हती. त्याच त्या दोन वाक्यांत अडकली होती. मामानं मला नंतर सांगितलं, त्या क्षणी त्याला इस्पितळ आठवलं. नळ्यांमुळे त्याला बोलता येत नव्हतं, डोळे उघडत नव्हते, पण कानावर हेच येत होतं. "काय देऊ? सांग, काय देऊ?" कोण बोलतंय ते त्याला तेव्हा कळलं नव्हतं.

"आई," तो म्हणाला. "रिकामी होती."

"काय?"

"कॅसेट. आतलं काढून ठेवलं होतं, साफ करायला. तू नेलास तो नुसता डबा."

आजी ओल्या फरशीवर तशीच उभी राहिली. मामा आत गेला आणि ती हिरवी पट्टी घेऊन आला, कडेनं धरून. आजीच्या तळहातावर ठेवली. आजीनं दुकानाच्या गल्ल्यावर बसून अशा हजारो कॅसेटी भाड्यानं दिल्या असतील, पण आतून एकही बघितली नव्हती.

"हे? एवढंसं?"

"एवढंसंच. त्या काळ्या चिकटपट्टीखाली चिपचा काचेचा डोळा आहे, तो उघडा ठेवू नको. ऊन लागलं की सगळं पुसलं जातं."

"हलकी वाटली खरी," आजी पुटपुटली. "मला वाटलं, देवीनं ओझं हलकं केलं."

आईनं हसू दाबलं, पण नाकातून आवाज आलाच. आजीनं तिच्याकडे असं बघितलं की आई ताबडतोब फरशी पुसायला लागली.

"तू सांगणार नव्हतास," आजी मामाला म्हणाली.

"नव्हतो."

"मला फसवणार होतास. तिला फसवणार होतास."

"आणि तू माझ्या कपाटातून चोरलीस!"

"नवस बोलले होते मी!"

"माझ्या वस्तूचा! लोक स्वतःचे केस देतात, स्वतःचे गुडघे सोलून घेतात. तू माझी वस्तू का बोललीस?"

आता मला राहवेना. शिवाय मी वादविवादात पहिली आले होते.

"थांबा!" मी म्हणाले. "याच्यावर उपाय आहे. मामाकडे चिप वाचायचं यंत्र आहे. आपण नक्कल काढू. तशीच पट्टी, तशीच नावं, सगळं तेच. एक देवीला, एक घरात."

"देवीला नक्कल?" मावशी किंचाळली.

"मावशी, आज मिरवणुकीत कोण होतं? फुलांच्या रथात?"

"कोण म्हणजे? नाझारेची आई."

"तिची नक्कल होती! खरी मूर्ती वर बॅसिलिकात बसून असते, तिला बाहेर काढत नाहीत. तू आज सकाळी नकलेच्या मागं रडत चाललीस. देवी स्वतः घरी बसून नक्कल पाठवते, मग आपण का नाही?"

मामानं माझ्याकडे अशा अभिमानानं बघितलं की मी अर्धा इंच उंच झाले असेन. आई पोछा घेऊन म्हणाली, "आणि तसंही आपली कॅसेट मुळात नकलेचीच नक्कल आहे."

आजीनं सगळं ऐकून घेतलं.

"तिनं नवस बोलला नव्हता, जामीले," ती म्हणाली. "मी बोलले होते."

संपला वादविवाद. बक्षीस परत करावं की काय असं मला वाटलं.

आजी खुर्चीत बसली. तळहातावरची पट्टी तिनं टेबलावर ठेवली नाही.

"तू विचारतोस ना, माझं का नाही बोलले. काय बोलू? अंगठी तुझ्या बापाच्या आजारपणात गेली. केस? केस या वयात स्वतःच जातात. चालले असते गुडघ्यावर, पण गुडघे तर तसेही दुखतात, तिला काय त्याचं? सोडताना जीव तुटेल असं काहीतरी द्यायला हवं होतं. माझ्याकडे तसं काही उरलंच नव्हतं. मी शोधलं रे त्या इस्पितळाच्या बाकावर बसून. घरात तसं एकच होतं, तेही तुझ्या कपाटात."

मावशी खीर न खाता चमच्यानं नुसती ढवळत होती.

मामा खुर्ची सरकवून आजीजवळ बसला. मग त्यानं आजीची बोटं धरली आणि ती पट्टीवर मिटवली.

"घे. ही आता तुझी."

"म्हणजे?"

"दिली मी तुला. कायमची. बाबांनी मला दिली, मी तुला देतो. नक्कल नाही काढणार, कुठं लपवणार नाही. आता ती तुझी वस्तू आहे. द्यायची तर दे, ठेवायची तर ठेव. पण एकदा खेळून बघ. काय देतेस ते तरी कळू दे."

"मला कुठं येतं खेळायला?"

"जामीले शिकवेल."

मामानं सांधे कानकाडीनं पुसले, पट्टी एका बिनलेबलच्या डब्यात बसवली, जुना जाडा टीव्ही आणि खेळाचं मशीन बैठकीत आणलं. आम्ही टेबल तसंच टाकून गेलो. पडद्यावर हिरवं मैदान आलं, ढबढब संगीत सुरू झालं आणि नावं आली. NILDO, WALCIR, आणि सगळ्यात खाली BENE.

"मी कुठली?" आजीनं विचारलं.

"बों सोसेगो घे, आपली गल्ली."

"नको. मला समोरची दे. मला त्याच्या समोरून बघायचंय."

आजीचे पहिले शॉट प्रेक्षकांत गेले. मग तिला बटणं कळली. ती पुढं झुकून, जीभ दातांत धरून खेळायला लागली. गोलसमोर आली, मारला, आणि पिवळ्या टोपीतल्या इवल्याशा बेनेनं आडवी उडी घेऊन तो अडवला.

"बघ! आडवा पडला!" आजी ओरडली. "जिवंतपणी चमचा खाली पडला तरी वाकायचा नाही हा माणूस!"

पुन्हा मारला. पुन्हा अडवला.

"अरे बेने, सोड ना एक! कुणी बघत नाहीये!"

आम्ही सगळे हसत होतो. मावशी हसता हसता म्हणाली, "यातसुद्धा बाबांनी मला घेतलं नाही. राखीव म्हणून तरी घ्यायचं." आणि रडायला लागली. आई तिच्या पाठीवर हात फिरवत राहिली. आजी हरत गेली, पुन्हा लावत गेली. एकदा, कसा कोण जाणे, चेंडू खांबाला लागून आत गेला. बेने गुडघ्यावर बसून जमिनीवर मुठी आपटायला लागला. आजी अशी ओरडली की शेजारचे खिडकीत आले. ओरडून झाल्यावर मात्र तिनं बटणं मांडीवर ठेवली आणि पडद्याला म्हणाली, "राहू दे, बेने. उठ."

मग तिनं मला मशीन बंद करायला सांगितलं.

"आई, ठेव ही," मावशी म्हणाली. मावशी! नवस म्हणजे नवस वाली. "देवीला सगळं कळतं. ती नाही रागावणार."

"ताई, तिची वस्तू आहे. तिला ठरवू दे," माझी आई म्हणाली. तिला तर सकाळपर्यंत ठरवाठरवीच नको होती, नुसती शांतता हवी होती.

मामा मशीनची वायर गुंडाळत होता.

आजीनं मशीनवरून हात फिरवला. "सकाळी मी लेकराची वस्तू दिली आणि मजेत घरी आले," ती म्हणाली. "मला काही झालंच नाही. आता होईल. उद्या नेऊ."

*

सोमवारी शाळेला सुट्टी होती. मामानं डबा उघडला, पट्टी काढली. काचेच्या डोळ्यावरची काळी चिकटपट्टी कडेनं सुटत होती. ती त्यानं काढली नाही, तिच्यावर नवी लावली, नखानं चारी बाजूंनी दाबली. गंजाचा उरलेला एक ठिपका पुसला. नवी बॅटरी बसवायची राहिली होती, तीही बसवली. देऊन टाकायच्या वस्तूला कशाला, असं मी विचारणार होते, पण विचारलं नाही. मग ती हिरवी पट्टी पारदर्शक गुलाबी पिशवीत घालून, सोबत एक पुडी टाकून त्यानं आजीकडे दिली.

बॅसिलिकाच्या बाजूच्या दालनात नवसाच्या वस्तू घेत होते. मेणाचे पाय, मेणाची डोकी, लाकडी होड्या, कुणाचं तरी पदवीचं भेंडोळं. टेबलामागच्या तरुण बाईनं पिशवी उजेडात धरून बघितली.

"हे काय आहे, आजी?"

"माझा नवरा," आजी म्हणाली. "गोलकीपर होता."

बाईनं मामाकडे बघितलं. मामा म्हणाला, "ऊन लागू देऊ नका. आणि ओलसर जागी नको." तिनं मान डोलावली, तिला काही कळलेलं नव्हतं, आणि पिशवी मेणाच्या एका हाताशेजारी ठेवली. आजीची बोटं पिशवीवरून जराशी उशिरा निघाली.

परतताना मामा तिच्या चालीनं चालत होता. मी मागं होते, आता मधे चालायची गरज नव्हती. ते दोघं आंब्याच्या झाडांखाली आले.

"दुखलं?" मामानं विचारलं.

"फार."

"मग?"

"मग काय! तू बाजूनं चालतोयस ना? दुखू दे की." आणि तिनं त्याच्या दंडाला धरून त्याला मागं ओढलं. "हळू चाल. धाप लागते तुला."